जादूच्या गोष्टींचा संग्रह करायचाय? मग या क्रमानं जा

मुलांसाठी परीकथांचा संग्रह करायला घेतला की सुरुवातीला सगळं सोपं वाटतं. गोष्टी आपल्याला तोंडपाठ असतात, त्या लिहिणारे जाऊन शंभर-दोनशे वर्षं झालेली असतात आणि मुलांना अशी पुस्तकं हवीच असतात. अडचणी मागाहून येतात. त्यातल्या बहुतेकींचं मूळ एकच असतं: आपल्याला पाठ असलेली गोष्ट चित्रपटातून, शाळेच्या नाटकातून, कुणीतरी केलेल्या संक्षेपातून गाळून आलेली असते. या गाळपात जादू राहते, पण तिचा नियम सांडतो. जादू कोणत्या अटीवर चालते, कधी उलटते, तिची किंमत काय, हे सगळं गेल्यावर उरते ती नुसती चमचम.

मी असं एक काम कच्च्या यादीपासून छापखान्यापर्यंत केलं आहे. नवख्या माणसानं कुठे वेळ घालवावा आणि कुठे घालवू नये, ते क्रमानं सांगतो.

आधी हाताशी काय हवं

- एक तक्ता (संगणकावर किंवा वहीत). रकाने: गोष्टीचं नाव, कोणत्या आवृत्तीवरून घेतली, मूळ लेखक किंवा संकलक, अनुवादक, दोघांच्या मृत्यूचं साल, अंदाजे शब्द, कथाप्रकाराचा क्रमांक (तो काय, ते पायरी चारमध्ये)
- युनिकोड (कोणत्याही संगणकावर सारखंच दिसणाऱ्या) मराठी टंकलेखनाची सोय. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये काम सुरूच करू नका
- आवाज रेकॉर्ड होईल असा फोन
- मोठ्यानं वाचून दाखवायला तीन-चार मुलं, शक्यतो आपल्या घरची नसलेली
- चित्रकाराशी आणि कथा सांगणाऱ्यांशी करायच्या करारपत्रांचे मसुदे

१. वाचणार कोण, ते एका ओळीत लिहा

‘लहान मुलांसाठी’ हे उत्तर पुरेसं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला कुणीतरी वाचून दाखवतं, नऊ-दहा वर्षांचं मूल स्वतः वाचतं. पहिल्याला लांब वाक्यं चालतात, कारण ती मोठ्या माणसाच्या तोंडून येतात. दुसऱ्याला जोडाक्षरांच्या रांगा अडवतात. दोन्ही एकाच पुस्तकात बसवायचा मोह टाळा. आठशे ते हजार शब्दांची गोष्ट मोठ्यानं वाचायला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात. ऐकणाऱ्या लहान मुलांसाठी तेवढी पुरे.

२. गोष्टीचा जुना पाठ गाठा

या पायरीवर आळस केला तर पुढचं सगळं काम कच्च्या पायावर उभं राहतं. उदाहरणं बघा.

सिंड्रेलाचा काचेचा बूट, भोपळ्याचा रथ आणि परी हे सगळं शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ च्या पुस्तकातलं आहे. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत परी नाहीच. तिथे आईच्या थडग्यावर लावलेलं झाड आहे, पक्षी आहेत आणि शेवटच्या रात्रीचा बूट सोन्याचा आहे. ग्रिमच्या बेडूक राजपुत्राला राजकन्या मुका देत नाही, रागानं भिंतीवर आपटते. हिमगौरीच्या सात बुटक्यांना ग्रिमकडे नावं नाहीत. आज सर्वांना ठाऊक असलेली नावं डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटातली आहेत. ती नावं आणि ते पोशाख तुमच्या पुस्तकात आले, तर लोककथेचा आडोसा घेता येणार नाही.

एकाच संकलकाच्या दोन आवृत्त्यांतही फरक असतो. ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ चा, दुसरा १८१५ चा आणि त्यांच्या हयातीतली शेवटची आवृत्ती १८५७ ची. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारी बाई १८१२ मध्ये त्यांची सख्खी आई आहे, पुढच्या आवृत्त्यांत ती सावत्र झाली. म्हणून तक्त्यात नुसतं ‘ग्रिम’ लिहून भागत नाही, सालही लिहा.

जुना पाठ म्हणजे सर्वात लांब पाठ, असंही समजू नका. सुंदरी आणि पशूची गोष्ट मादाम द व्हिलनव यांनी १७४० मध्ये कादंबरीएवढी लांब लिहिली होती. मादाम ल प्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये ती तरुण वाचकांसाठी आटवली, आणि जगभर पसरली ती ही आटवलेली गोष्ट. मुलांसाठी काम करणाऱ्यानं दोन्ही शेजारी ठेवून एकदा तरी पाहावीत. काय गाळावं याचा इतका चांगला धडा दुसरीकडे सहज मिळत नाही.

३. हक्क तपासा, आणि अनुवादकाला विसरू नका

लोककथा कुणाच्या मालकीची नसते. पण ती जिच्यात लिहिली गेली ती शब्दरचना कुणाची तरी असते. नवखे इथेच फसतात: मूळ कथा दोनशे वर्षं जुनी, पण समोर ठेवलेला अनुवाद तीस वर्षांपूर्वीचा. त्यावरून वाक्यामागून वाक्य उतरवलं, तर तो त्या अनुवादकाच्या हक्काचा भंग होतो.

स्वामित्वहक्काच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. भारतात ही मुदत ६० वर्षं आहे, युरोपीय संघात ७०. पुस्तक जिथे विकणार तिथला हिशेब लावा. नावांच्या बाबतीत सावध राहा. अँड्र्यू लँग यांच्या नावानं १८८९ ते १९१० या काळात निघालेल्या रंगांच्या नावांच्या बारा परीकथा-पुस्तकांतले बरेच अनुवाद आणि रूपांतरं त्यांच्या पत्नी लिओनोरा यांची आहेत. लँग गेले १९१२ मध्ये, त्या १९३३ मध्ये. मुखपृष्ठावरचं नाव धरून मुदत मोजली असती, तर एकवीस वर्षांचा फरक पडला असता. आज ते अनुवाद ७० वर्षांच्या हिशेबानंही मुक्त आहेत, पण हीच गफलत अलीकडच्या पुस्तकाबाबत झाली तर महागात पडते.

जुनी चित्रं घेणार असाल तर चित्रकाराच्या मृत्यूचं साल वेगळं शोधा.

एखादी गोष्ट तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकून घेत असाल, तर रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी घ्या, ती लिहून ठेवा आणि पुस्तकात त्या व्यक्तीचं नाव द्या. अल्लाउद्दीनची गोष्ट अरबी कथा फ्रेंचमध्ये आणणाऱ्या आंत्वान गालाँनी १७०९ मध्ये अलेप्पोच्या हन्ना दियाब यांच्याकडून ऐकली होती. गालाँच्या पुस्तकात दियाब यांचा नामोल्लेख नाही. तो संबंध जगाला कळला गालाँच्या रोजनिशीतून, फार उशिरा. आपल्याकडून असं होऊ नये.

४. गोष्टी निवडा, पण एकाच साच्याच्या नकोत

यादी करताना पन्नास गोष्टी सहज होतात. ग्रिम बंधूंनाही हा मोह आवरावा लागला होता. मोठी आवृत्ती घराघरांत पोचत नाही हे पाहून १८२५ मध्ये त्यांनी ५० गोष्टींची छोटी आवृत्ती काढली आणि ती चांगली चालली. तुम्हाला बारा पुरेत.

निवडीसाठी एक साधन फार उपयोगी आहे: कथाप्रकारांची आंतरराष्ट्रीय सूची. अँटी आर्ने यांनी ती १९१० मध्ये सुरू केली, स्टिथ थॉम्पसन यांनी वाढवली आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये तिची नवी मांडणी केली. जादूच्या कथा त्यात ३०० ते ७४९ या क्रमांकांत येतात. सिंड्रेला ५१०अ, हिमगौरी ७०९, लाल टोपीवाली ३३३. तुमच्या यादीतल्या दोन गोष्टींना एकच क्रमांक असेल, तर ती पोशाख बदललेली एकच गोष्ट आहे. समुद्र खारट करणारं नॉर्वेतलं जातं आणि ग्रिमकडचं न थांबणारं खिरीचं भांडं, दोन्ही ५६५. दोन्ही आवडत असतील, तरी एक ठेवा. सलग वाचणारं मूल दुसऱ्या गोष्टीच्या तिसऱ्या ओळीलाच शेवट सांगून टाकतं.

मुलींनी नुसती वाट पाहत बसायचं, हा आक्षेप या गोष्टींवर नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पण उपाय म्हणून झोपलेल्या राजकन्येच्या हातात तलवार देऊ नका, ते ठिगळ लांबून दिसतं. निवड बदला. राक्षसाला तीनदा चकवून तिन्ही बहिणींची लग्नं लावणारी मॉली व्हपी १८९० च्या जोसेफ जेकब्जच्या संग्रहात आहे. हान्स ख्रिस्टियन अँडरसनच्या हिमराणीच्या गोष्टीत गेर्डा उत्तरेपर्यंत एकटी जाऊन मित्राला सोडवून आणते. अफनास्येवच्या रशियन संग्रहातली वासिलिसा बाबा यागा या चेटकिणीच्या घरून अग्नी घेऊन येते. अशा चार गोष्टी आत आल्या की झोपलेली राजकन्या खुशाल झोपू दे.

अँडरसनबद्दल एक सूचना. त्याच्या बऱ्याचशा कथा त्यानं स्वतः रचलेल्या आहेत, त्या लोककथा नव्हेत. १८३७ च्या जलपरीचा शेवट गोड करायचा असेल, तर तसं रूपांतर केल्याचं पुस्तकात स्पष्ट छापा. गुपचूप बदलू नका.

५. पुनर्कथन: जादूचा नियम धरून ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लिहायला बसण्याआधी प्रत्येक गोष्टीसाठी एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. जादू काय करते? तिची अट कोणती? अट मोडली तर काय होतं? उत्तरं सापडत नसतील, तर तुमच्या हातातला पाठ गाळलेला आहे. पुन्हा पायरी दोनवर जा.

वर उल्लेख आलेल्या जात्याचंच घ्या. जातं हवं ते दळून देतं. चालू करायला एक शब्द लागतो, थांबवायला दुसरा. मिठाच्या मोहानं एक कप्तान ते घेऊन घाईघाईनं जहाजावर चढतो. नवखा लेखक पुढचं असं लिहितो:

‘त्या अद्भुत, अलौकिक जात्यातून शुभ्र लवणाच्या राशीच्या राशी निर्माण होऊ लागल्या आणि लोभी कप्तानाला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप झाला.’

यात मुलाला दिसेल असं काही नाही. विशेषणं आहेत, आणि लेखकानं कप्तानाला आधीच लोभी ठरवून टाकलंय. हाच प्रसंग असा लिहून बघा:

‘कप्तान म्हणाला, “मीठ दळ!” जातं फिरायला लागलं. आधी टोपली भरली. मग तळघर भरलं. मीठ वर आलं, घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. “पुरे!” कप्तान ओरडला. जातं फिरतच होतं. “बास! थांब!” जातं फिरतच होतं. थांबवायचा शब्द विचारायचा राहूनच गेला होता.’

वाक्यं लहान आहेत, मीठ अंगावर चढत जातं, आणि चूक काय झाली ते शेवटच्या वाक्यात कळतं. कप्तान लोभी होता हे सांगावं लागत नाही. ‘म्हणून मुलांनो, लोभ करू नये’ ही ओळ लिहायचा हात आवरा. मुलं ती ओळ वगळूनच वाचतात.

दुसरा सापळा तीनचा. या गोष्टींत सगळं तीनदा घडतं, म्हणून पुनरुक्ती वाटते आणि संक्षेप करणारा पहिली कात्री तिथेच लावतो. हिमगौरीत राणी वेश पालटून तीनदा येते: एकदा पोशाखाची नाडी घेऊन, एकदा विषारी कंगवा घेऊन, एकदा सफरचंद घेऊन. बहुतेक छोट्या पुस्तकांत फक्त सफरचंद उरतं. मग हुशार मूल विचारतं, बुटक्यांनी तिला या वेळी का नाही वाचवलं? उत्तर पहिल्या दोन फेऱ्यांत दडलेलं आहे. आवळलेली नाडी दिसते, ती कापता येते. केसांतला कंगवा दिसतो, तो काढता येतो. सफरचंदाचा तुकडा घशात आहे, तो दिसत नाही. दोन फेऱ्या कापल्यात, तर तिसरीतलं कोडंच नाहीसं होतं. शिवाय १८५७ च्या पाठात तो तुकडा सुटतो तो शवपेटी वाहणाऱ्यांना ठेच लागून, धक्क्यानं. राजपुत्राच्या चुंबनानं नव्हे. आत अडकलेली वस्तू बाहेर पडते, हिशेब पुरा होतो.

जागा वाचवायची असेल तर वर्णनं कापा, राजवाड्याचे खांब कापा, लग्नाचा थाट कापा. फेऱ्या कापू नका.

भाषेबद्दल थोडकं. संवाद बोलीतले ठेवा, निवेदन सरळ ठेवा. मंत्र किंवा परत परत येणारं पालुपद असेल तर ते यमकात बसवा आणि प्रत्येक वेळी अक्षरन् अक्षर तेच लिहा. मुलं त्याची वाट बघतात आणि फरक लगेच पकडतात. ‘आटपाट नगर होतं’ ही सुरुवात सुंदरच आहे, पण बाराही गोष्टींना तीच लावली तर ती झिजते. दोन-तीन गोष्टींना द्या.

६. भीती किती ठेवायची

लांडगा, चेटकीण, राक्षस काढून टाकले तर मागे काही उरत नाही. माझा नियम असा: धोका पूर्ण ठेवा, जखमेचं वर्णन काढा. चेटकीण भट्टीत पडली, दार बंद झालं, एवढं पुरे.

खलनायकाला शेवटी माफ करून टाकायची पद्धत मला पटत नाही. हिमगौरीच्या राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत नाचवणं लहानांना नको हे मान्य. पण तिला नुसतं सोडून दिलं की अंथरुणात पडलेल्या मुलाला प्रश्न पडतो, ती परत आली तर? तिचं काहीतरी झालं पाहिजे, आणि ते एका वाक्यात झालं पाहिजे.

सावत्र आईचा मात्र विचार करा. ऐकणाऱ्यांत सावत्र आई असलेलं मूल असू शकतं. बारापैकी सहा गोष्टींत दुष्ट सावत्र आई येत असेल, तर दोन-तीन बदला. चेहऱ्यावरून चांगलं-वाईट ठरवणाऱ्या वाक्यांनाही हीच कात्री.

७. मोठ्यानं वाचा, रेकॉर्ड करा

कच्चा खर्डा झाला की मुलांसमोर वाचा आणि वाचन रेकॉर्ड करा. ‘आवडली का?’ असं विचारू नका, मुलं ‘हो’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनाच गोष्ट सांगायला लावा. जे विसरले ते बहुधा अनावश्यक होतं, आणि जे उलटसुलट झालं ते तुम्ही नीट लिहिलेलं नाही. रेकॉर्डिंग ऐकताना आपली जीभ कुठे अडखळली तिथे खूण करा. तिथे वाक्य मोडायचं आहे.

८. क्रम लावा

पहिली गोष्ट ओळखीची आणि छोटी, दुसरी अनोळखी. सर्वात भयाण गोष्ट मध्यावर, तिच्यानंतर लगेच हसवणारी. लांब गोष्टी शेजारी-शेजारी नकोत. शेवटची गोष्ट झोपताना वाचून संपवता येईल अशी ठेवा.

९. चित्रं

चित्रकाराला गोष्टीबरोबर प्रत्येक पात्राची नोंद द्या: वय, केस, कपडे, हातातली वस्तू. ती नसली की पान चारवरची लाल टोपी पान नऊवर निळी होते, आणि हे सर्वात आधी मुलांच्या लक्षात येतं. प्रचलित चित्रांवर विसंबू नका. अल्लाउद्दीन सगळीकडे अरबी वाळवंटात दाखवतात, कथेत तो चीनमधल्या शहरात राहतो.

शेवट फोडणारं चित्र आधीच्या पानावर येऊ देऊ नका. पान उलटल्यावर राक्षस दिसला पाहिजे, उलटण्यापूर्वी नव्हे.

चित्रं ३०० डीपीआयची (एका इंचात ३०० ठिपके), छपाईसाठी सीएमवायके रंगांत (छपाईच्या चार शाईंत), कडेपर्यंत जाणारी असतील तर चारी बाजूंना ३ मिमी जादा घेऊन मागवा. करारपत्रात मानधन, हप्ते, किती वेळा बदल करून मिळणार आणि मूळ चित्रांचे हक्क कुणाकडे राहणार, हे चारही मुद्दे हवेत. तोंडी ठरलेलं दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

१०. पानं आणि अक्षरं

छपाई बहुधा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या गठ्ठ्यात) होते, म्हणून पृष्ठसंख्या १६ च्या पटीत धरा. बारा गोष्टी, प्रत्येकी सहा पानं, म्हणजे ७२, शीर्षकपान, श्रेयपान, अनुक्रमणिका, मनोगत वगैरेंची आठ, एकूण ८०. पाच फॉर्म बरोबर भरले. ८३ पानं झाली, तर एकतर तीन पानं कापायची नाहीतर तेरा कोरी पानं पोसायची.

स्वतः वाचणाऱ्या लहान मुलांसाठी अक्षर १६ ते १८ पॉइंट घ्या आणि ओळींत मोकळी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला चिकटतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडू नका.

मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून मुद्रितं (छपाईआधी तपासायच्या प्रती) मांडणीनंतर तपासा, आधी तपासलेली धरू नका. मी ‘दुसऱ्या’, ‘म्हाताऱ्या’, ‘किल्ल्या’, ‘श्रीमंत’, ‘ज्ञान’ हे शब्द शोधून आधी पाहतो. हे नीट असतील तर बाकी मजकूर सहसा नीट असतो. पात्रांच्या नावांची एक यादी करून तीच सगळीकडे वापरा; ‘हॅन्सेल’ दोन पानांनंतर ‘हान्सेल’ होता कामा नये. शेवटचं मुद्रित अशा माणसाला द्या ज्यानं हा मजकूर कधीच वाचलेला नाही.

११. छापखान्यात जाण्याआधीची फाइल

- हक्कांचा पूर्ण भरलेला तक्ता
- चित्रकाराचं आणि कथा सांगणाऱ्यांचं सही केलेलं करारपत्र
- आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक (मुखपृष्ठ पक्कं व्हायच्या आधी मिळवा, बारकोड मलपृष्ठावर जातो)
- श्रेयपान: प्रत्येक गोष्टीपुढे मूळ संकलक, साल आणि ‘पुनर्कथन’ किंवा ‘रूपांतर’ यांपैकी नेमका शब्द
- फॉन्ट आत बसवलेली अंतिम पीडीएफ, आणि तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याची खात्री
- नमुना प्रत. तिची पानं एकेक करून मोजा, फॉर्म उलटसुलट बांधले जातात

पुस्तक छापून आल्यावर एका प्रतीवर ‘दुरुस्ती प्रत’ असं लिहून ती बाजूला ठेवा. कुणी चूक दाखवली की त्याच पानावर तारखेसह पेन्सिलीनं नोंद करा. पुढची आवृत्ती त्या प्रतीवरून करायची.